कोन आधी, फट शेवटी : ५ ते २० नॅनोमीटरसाठी फ्लॅट-फील्ड स्पेक्ट्रोमीटर जुळवताना

१३.५ नॅनोमीटरच्या प्रकाशाला एक मिलिमीटर हवासुद्धा जवळजवळ संपवून टाकते. काचेची भिंगं त्याला चालत नाहीत, कारण या पट्ट्यात प्रत्येक पदार्थ शोषक आहे. आरसा समोरून धरला तर सोन्याचा मुलामासुद्धा फारसं काही परत पाठवत नाही. प्रकाश पृष्ठभागाला अगदी घासून, काही अंशांच्या कोनात आला तरच त्याचा बहुतांश भाग परावर्तित होतो. म्हणून अतिनील टोकाच्या आणि मृदू क्ष-किरणांच्या स्पेक्ट्रोमीटरमध्ये (प्रकाश तरंगलांबीनुसार वेगळा करणाऱ्या यंत्रात) सगळं काही लांबुळकं, चपटं आणि निर्वातात असतं. त्याची जुळवणी दृश्य प्रकाशाच्या सवयीने करायला गेलं की फसगत होते.

घासत्या कोनात कोणती चूक महाग पडते आणि कोणती नाही, याचा अंदाज सहसा उलटा बांधला जातो. लोक स्लिट (प्रकाश आत घेणारी फट) अरुंद करण्यात आठवडे घालवतात आणि ग्रेटिंगचा (बारीक समांतर रेघा कोरलेल्या, प्रकाश तरंगलांबीनुसार वळवणाऱ्या आरशाचा) कोन ‘साधारण तीन अंश’ ठेवून मोकळे होतात. खाली एका नेमक्या ग्रेटिंगचे आकडे घेऊन हा हिशेब पूर्ण मांडला आहे.

कोणतं ग्रेटिंग, आणि का

अंतर्वक्र ग्रेटिंग हेन्री रोलंडने १८८२ मध्ये आणलं. त्यात स्लिट, ग्रेटिंग आणि वर्णपट एकाच वर्तुळावर येतात. घासत्या कोनात ते वर्तुळ इतकं मोठं होतं आणि वर्णपट त्याला इतका तिरका पडतो की सपाट सीसीडी (प्रकाश टिपणारी चिप) लावणं अवघड जातं. यावर तोडगा म्हणजे रेघांमधलं अंतर मुद्दाम बदलतं ठेवायचं, म्हणजे प्रतिमा सपाट पातळीवर येते; हेच ‘फ्लॅट-फील्ड’. किता, हरादा, नाकानो आणि कुरोदा यांनी अशी यंत्राने कोरलेली ग्रेटिंग १९८३ मध्ये प्रसिद्ध केली. हिताचीचं ००१-०४३७ हे त्याच घराण्यातलं आणि आजही अनेक प्रयोगशाळांत सापडणारं ग्रेटिंग आहे.

त्याची मापं अशी: मध्यभागी मिलिमीटरला १२०० रेघा, वक्रता त्रिज्या ५६४९ मिलिमीटर, ठोकळा ५० × ३० × १० मिलिमीटर, सोन्याचा मुलामा, ब्लेझ कोन (रेघांच्या उताराचा कोन) ३.२ अंश. प्रकाश लंबापासून ८७ अंशांवर, म्हणजे पृष्ठभागापासून ३ अंशांवर आत येतो. स्लिट ग्रेटिंगच्या मध्यापासून २३७ मिलिमीटरवर ठेवायची. डिटेक्टरची पातळी ग्रेटिंगच्या मध्यापासून पृष्ठभागाच्या दिशेने २३५.३ मिलिमीटरवर आणि पृष्ठभागाला काटकोनात.

सूत्र एकच. त्यात ऑर्डर म्हणजे वळणाचा क्रमांक: शून्य (झिरो ऑर्डर) म्हणजे साधं परावर्तन, एक म्हणजे आपला वर्णपट. सर्व कोन पृष्ठभागापासून मोजायचे:

कॉस (बाहेरचा कोन) = कॉस (आतला कोन) − ऑर्डर × रेघांची घनता × तरंगलांबी

यावरून डिटेक्टरच्या पातळीवर, ग्रेटिंगच्या स्पर्शपातळीपासूनची उंची अशी येते: झिरो ऑर्डर १२.३ मिलिमीटरवर, ५ नॅनोमीटर २८.७ वर, १० नॅनोमीटर ३८.९ वर, १३.५ नॅनोमीटर ४४.७ वर, २० नॅनोमीटर ५४.० वर. म्हणजे पूर्ण पट्टा २५.३ मिलिमीटरचा. १३.५ मायक्रॉन पिक्सेलचा, २०४८ स्तंभांचा सीसीडी २७.६ मिलिमीटर रुंद असतो. तो मध्य ४१.४ मिलिमीटरवर ठेवून बसवला तर सगळा पट्टा एका फ्रेममध्ये मावतो आणि दोन्ही टोकांना मिलिमीटरभर जागा उरते. हे आकडे कागदावर काढून चेंबरच्या दारावर चिकटवून ठेवा. पुढे प्रत्येक पायरीला लागतात.

चुकांचा हिशेब

पूर्ण ५० मिलिमीटर ग्रेटिंगवर प्रकाश पडतोय असं धरून, १३.५ नॅनोमीटरच्या रेषेवर काय होतं ते पाहू.

स्लिटचं अंतर १ मिलिमीटर चुकलं तर केंद्रबिंदू सरकतो फक्त ०.०८ मिलिमीटर आणि रेषा पसरते साधारण ३ मायक्रॉन. ही चूक दिसणारसुद्धा नाही.

डिटेक्टरचं अंतर १ मिलिमीटर चुकलं तर रेषा सुमारे ३९ मायक्रॉन पसरते, म्हणजे तीन पिक्सेल. हे दिसतं.

आत येण्याचा कोन ०.१ अंशाने चुकला तर केंद्रबिंदू १.९ मिलिमीटर सरकतो आणि रेषा ७० मायक्रॉनहून जास्त पसरते. पाच पिक्सेल गेले. पिक्सेलच्या आत राहायचं असेल तर कोन ०.०२ अंशापर्यंत बरोबर हवा.

आता स्लिट. घासत्या कोनातून आलेली रुंदी बाहेर पडताना आकसते. १३.५ नॅनोमीटरला हे गुणोत्तर सुमारे ०.२८ आहे. १०० मायक्रॉनच्या स्लिटची प्रतिमा डिटेक्टरवर २८ मायक्रॉनची, म्हणजे सुमारे दोन पिक्सेलची होते. ही रुंदी ०.०१८ नॅनोमीटर, विभेदनक्षमता (तरंगलांबी भागिले ही रुंदी) सातशेच्या घरात. स्लिट ५० मायक्रॉन केली की प्रतिमा एका पिक्सेलची होते. पिक्सेल तर तेवढाच राहतो, त्यामुळे फायदा थोडा आणि प्रकाश निम्मा. त्याहून अरुंद करण्यात काहीच हाती लागत नाही. लेसर-प्लाझ्मा (लेसरच्या माऱ्याने लक्ष्यावर तयार होणारा, हा प्रकाश देणारा तप्त वायू) स्वतःच १०० मायक्रॉनचा असेल तर स्लिट न लावता प्लाझ्माच २३७ मिलिमीटरवर ठेवता येतो. मात्र मग प्रत्येक शॉटला लक्ष्य हललं की वर्णपट हलतो. कॅलिब्रेशन (कोणत्या पिक्सेलला कोणती तरंगलांबी) टिकवायचं असेल तर स्लिट लावलेली बरी.

टेबलावरची जुळवणी

ग्रेटिंग बॉक्समधून काढताना बाजू धरा. पृष्ठभागाला बोट, कापड, कापूस, द्रावक यांपैकी काहीही लागता कामा नये. त्यावर उमटलेला ठसा कायमचा असतो. धूळ बसली तर कोरड्या स्वच्छ नायट्रोजनचा हलका झोत, बस्स. ठोकळ्यावरचा बाण कोणत्या बाजूला आहे ते उत्पादकाच्या आकृतीशी ताडून पाहा. रेघांचं अंतर एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे बदलत जातं आणि ब्लेझही एकतर्फी असतो. ग्रेटिंग उलटं बसलं तर वर्णपट दिसेल, पण अंधुक आणि फोकस न होणारा. ही चूक इतकी सहज होते की बसवण्याआधी दोघांनी वेगवेगळं पाहून खात्री करावी.

फिरवण्याचा अक्ष ग्रेटिंगच्या पृष्ठभागाच्या मध्यातून जायला हवा. उंचीत ०.१ मिलिमीटरची चूक झाली की ३ अंशांवर प्रकाशाचा ठसा ग्रेटिंगवर १.९ मिलिमीटर पुढेमागे सरकतो. वक्रतेमुळे तिथला स्थानिक कोनही सुमारे ०.०२ अंशाने बदलतो. म्हणजे आपली सगळी मुभा तिथेच संपली.

आता दृश्य लेसर घ्या, जाडी अर्धा मिलिमीटर. जाड किरण चालत नाही. ३ अंशांवर १ मिलिमीटरचा किरण ग्रेटिंगवर १९ मिलिमीटर लांब पसरतो.

पहिली पायरी: ग्रेटिंग खाली ठेवून लेसर स्लिटच्या मध्यातून आणि ग्रेटिंगच्या जागेवरून सरळ पाठवा. ग्रेटिंगच्या मध्यापासून २ मीटरवर किरणाला काटकोनात असलेल्या भिंतीवर मिलिमीटर कागद लावून खूण करा.

दुसरी: ग्रेटिंग किरणाला समांतर ठेवून हळूहळू वर आणा, किरण अर्धा कापला जाईपर्यंत. अंतर्वक्र असल्यामुळे दोन्ही कडा मध्यापेक्षा ०.०५५ मिलिमीटर वर असतात. एवढं धरून चाला.

तिसरी: ३ अंश फिरवा. परावर्तित किरण सरळ किरणापासून ६ अंश वळतो, म्हणजे भिंतीवर खुणेपासून २१०.२ मिलिमीटरवर यायला हवा. ०.०१ अंशाची चूक इथे ०.७ मिलिमीटर दिसते, त्यामुळे मिलिमीटरपर्यंत मोजलं तरी काम भागतं. एक अडचण येते. ग्रेटिंगची वक्रता समांतर किरणाला सुमारे १४८ मिलिमीटरवर एकत्र आणते आणि पुढे पसरवते. भिंतीवर अर्ध्या मिलिमीटरच्या ठिपक्याऐवजी सहा-सात मिलिमीटरची उभी रेघ दिसते. तिचं टोक नव्हे, मध्य मोजा. फिरत्या स्टेजवरच्या आकड्यावर विसंबू नका. त्याचं शून्य कुठे आहे हे भिंतच सांगते.

चौथी: ग्रेटिंग बाजूला कललेलं नसावं. झिरो ऑर्डरची रेघ आणि सरळ किरणाची खूण एकाच उभ्या रेषेत आली की हा कल गेला.

पाचवी: रेघांची दिशा. लाल हीलियम-निऑन लेसरची (६३२.८ नॅनोमीटर) फर्स्ट ऑर्डर पृष्ठभागापासून सुमारे ७६ अंशांवर, जवळजवळ सरळ वर जाते. हिरव्या ५३२ ची ६९ अंशांवर. चेंबरच्या झाकणाच्या जागी कागद धरला की ठिपका दिसतो. तो आत येणाऱ्या किरणाच्या उभ्या पातळीत नसेल तर ग्रेटिंग स्वतःच्या लंबाभोवती फिरवून आणा. या दोन पायऱ्या एकमेकींना थोड्या बिघडवतात, म्हणून चौथी आणि पाचवी दोन-तीनदा आलटून पालटून करा, आणि शेवटी तिसरी पुन्हा तपासा.

सहावी: स्लिट रेघांना समांतर करा. ती तिरकी असेल तर रेषा जाड होते आणि दोष उगाच ग्रेटिंगला लागतो.

शेवटी झिरो ऑर्डरसाठी अडसर. १२.३ ते २८.७ मिलिमीटर यांच्यामध्ये मोकळी जागा आहे. काळ्या केलेल्या पत्र्याची धार २० मिलिमीटरच्या आसपास आणून खालचं सगळं झाका. झिरो ऑर्डरमध्ये प्लाझ्माचा सगळा दृश्य प्रकाश आणि विखुरलेला लेसर एकवटलेला असतो. चेंबरच्या भिंतीवरून तो परत आला तर वर्णपटाखाली एक मोठा उतरता डोंगर तयार होतो.

फिल्टर आणि निर्वात

सीसीडी मागच्या बाजूने प्रकाश घेणारा आणि प्रतिपरावर्तक थर नसलेला हवा. तो दृश्य प्रकाशालाही तितकाच हावरा असतो, म्हणून पातळ धातूचा पडदा लागतोच. १७.१ नॅनोमीटरच्या वरच्या भागासाठी २०० नॅनोमीटरचा ॲल्युमिनियम, आणि १३.५ च्या परिसरासाठी तेवढाच झिर्कोनियम. झिर्कोनियम १३.५ वर साधारण निम्मा प्रकाश सोडतो. पडदा बसवण्याआधी उजेडासमोर धरून बारीक छिद्रं पाहा. एक-दोन छिद्रं चालतात, चाळणी झालेली असेल तर बदला. पडद्याच्या चौकटीच्या कडेने प्रकाश शिरू नये, पण हवा मात्र जाऊ शकली पाहिजे. म्हणून दोन्ही बाजूंना जोडणारी वाकडी, अंधारी वाट ठेवा.

पडदे फाटतात ते बहुतेक वेळा पंप सुरू करताना किंवा हवा भरताना. दोन्ही बाजूंच्या दाबातला काही मिलिबारचा फरकसुद्धा त्यांना पुरतो. झडप किंचित उघडून वातावरणापासून १०० मिलिबारपर्यंत यायला निदान दहा मिनिटं घ्या. हवा भरताना त्याहून सावकाश, आणि भरायची ती कोरडी नायट्रोजन.

प्रकाश शोषला जाऊ नये एवढ्यासाठी मिलिबारचा हजारावा भाग पुरेसा आहे. पण थंड सीसीडीसाठी तेवढ्यावर थांबू नका. मिलिबारचा एक लाखावा भाग गाठल्याशिवाय थंड करणं सुरू करू नका, दहा लाखावा मिळाला तर उत्तम. चेंबरमध्ये सर्वांत थंड वस्तू सीसीडीच असते, आणि पाण्याची वाफ व तेलाचे अंश तिच्यावरच जाऊन बसतात. बर्फाचा पातळ थरसुद्धा या पट्ट्यात अपारदर्शक असतो. क्रम कधीच उलटू नका: आधी निर्वात, मग थंडी. बंद करताना आधी खोलीच्या तापमानाला आणा, मग हवा भरा. पंप कोरडा स्क्रोल आणि त्यावर टर्बो. व्हॅक्यूम ग्रीस चेंबरच्या आत नको. ग्रेटिंग सहसा प्रतिकृती असते, म्हणजे काचेवर रेझिनचा थर आणि वर सोनं. म्हणून चेंबर तापवायचा असेल तर ग्रेटिंग बसवण्याआधीच.

पहिला वर्णपट

लेसर-प्लाझ्मासाठी ३०० मिलिजूल, ८ नॅनोसेकंदांचा, १०६४ नॅनोमीटरचा एनडी-यॅग लेसर १०० मायक्रॉनवर केंद्रित केला तर तीव्रता चौरस सेंटिमीटरला सुमारे ५०० अब्ज वॉट येते. ५० मायक्रॉनवर केली तर चौपट. हा लेसर डोळ्याला दिसत नाही, म्हणून त्याच्या तरंगलांबीचा चष्मा खोलीतल्या प्रत्येकाने घालायचाच.

जुळवणीसाठी कथिलाचं लक्ष्य वापरू नका. कथिलाचा १३.५ भोवतालचा पट्टा हजारो रेषांचा ढीग असतो, त्यात फोकस कळत नाही. पीईटी या प्लास्टिकची जाड फिल्म घ्या. तिच्यात कार्बन आणि ऑक्सिजन आहेत आणि रेषा सुट्या येतात. पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या ऑक्सिजनच्या १२.९८, १५.०१ आणि १७.३० नॅनोमीटरच्या रेषा, आणि १८.३९ व १८.४१ ची जोडी. तीव्रता पुरेशी असेल तर पाच इलेक्ट्रॉन गमावलेल्या कार्बनच्या बामर मालिकेतल्या (दुसऱ्या पातळीवर उतरणाऱ्या इलेक्ट्रॉनच्या) १८.२२ आणि १३.४९ च्या रेषाही. प्रत्येक शॉटला लक्ष्याची ताजी जागा समोर आणा. खड्ड्यातून आलेला प्लाझ्मा अंधुक आणि थंड असतो.

आता फोकस. डिटेक्टर ०.२५ मिलिमीटरच्या पावलांनी मागेपुढे करून प्रत्येक जागी दोन्ही टोकांकडच्या रेषांची रुंदी नोंदवा. दोन्ही टोकं एकाच जागी टोकदार झाली तर फक्त अंतर चुकलं होतं, आणि ते आता सुटलं. पण कमी तरंगलांबीच्या टोकाची सर्वोत्तम जागा जास्त मागे येत असेल, तर आत येण्याचा कोन ३ अंशांपेक्षा मोठा आहे. ती पुढे येत असेल तर कोन लहान. ०.१ अंश जास्त कोनाला ५ नॅनोमीटरचा केंद्रबिंदू सुमारे ४.३ मिलिमीटर मागे जातो आणि २० नॅनोमीटरचा फक्त १.३ मिलिमीटर. या फरकावरून किती फिरवायचं हेही काढता येतं. डिटेक्टर तिरका करून दोन्ही टोकं जुळवण्याचा मोह होतो. तसं करू नका. मधला भाग बिघडलेलाच राहतो आणि खरा दोष झाकला जातो.

१०० मायक्रॉन स्लिटला १८.३९ आणि १८.४१ ची जोडी वेगळी व्हायच्या बेतात, मध्ये हलकी खाच दाखवत उभी राहिली की यंत्र जमलं. १७.३० ची रेषाही खरं तर ०.०१४ नॅनोमीटर अंतरावरच्या दोन रेषांची आहे. तिची रुंदी पाहून विभेदन मोजू नका, ते खोटं वाईट दिसेल.

ग्रेटिंग फक्त वर्णपटाच्या दिशेने फोकस करतं, त्यामुळे रेषा डिटेक्टरवर वरपासून खालपर्यंत लांब पसरलेल्या आणि किंचित वाकलेल्या असतात. सीसीडी थोडा फिरलेला असेल आणि सगळ्या ओळींची सरळ बेरीज केली तर कमावलेलं विभेदन तिथे घालवाल. आधी एका तेजस्वी रेषेचा वाक ओळीओळीने मोजा, तेवढं सरकवा, मग बेरीज करा.

कॅलिब्रेशन

पिक्सेल आणि तरंगलांबी यांच्यात घनघाती बहुपदी बसवण्याची पद्धत सर्रास दिसते. ओळखीच्या रेषांच्या मध्ये ती ठीक चालते, बाहेर भरकटते. वर दिलेलं सूत्रच बसवा आणि तीन गोष्टी मोकळ्या ठेवा: आतला कोन, डिटेक्टरचं अंतर, पहिल्या पिक्सेलची उंची. पाच-सहा रेषा पुरतात. उत्तर ३ अंश आणि २३५.३ मिलिमीटरच्या जवळ आलं नाही, तर एखादी रेषा चुकीची ओळखली गेली आहे. बहुपदी ही चूक कधीच दाखवत नाही, आणि म्हणूनच ती धोक्याची. तपासणीसाठी वर्णविक्षेपण (डिटेक्टरच्या एका मिलिमीटरमध्ये किती तरंगलांबी मावते) अंदाजे असं हवं: ५ नॅनोमीटरला मिलिमीटरमागे ०.४२ नॅनोमीटर, १३.५ ला ०.६४, २० ला ०.७५.

रेषा कमी असतील तर शोषणाच्या कडा (जिथे पदार्थाचं शोषण एकदम बदलतं त्या तरंगलांब्या) वापरा. ॲल्युमिनियमची १७.१ नॅनोमीटरवर, सिलिकॉनची १२.४ वर. कथिलासारख्या सलग वर्णपटासमोर पडदा घातला की कड पायरीसारखी दिसते.

हे झालं तरंगलांबीचं. किती फोटॉन, हा प्रश्न वेगळा. १३.५ नॅनोमीटरचा एक फोटॉन ९१.८ इलेक्ट्रॉन-व्होल्टचा, आणि सिलिकॉनमध्ये तो सुमारे २५ इलेक्ट्रॉन सोडतो. तिथून मागे जायला ग्रेटिंगची कार्यक्षमता मोजलेली हवी. ती सहसा सिंक्रोट्रॉनवर (वर्तुळात फिरणाऱ्या इलेक्ट्रॉनांपासून प्रकाश देणाऱ्या यंत्रावर) मोजतात: इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रातला ४५० मेगा-इलेक्ट्रॉन-व्होल्टचा इंडस-१ याच पट्ट्यात प्रकाश देतो.

खोट्या रेषा

५ ते १० नॅनोमीटरमधली प्रत्येक तेजस्वी रेषा दुप्पट तरंगलांबीवर सेकंड ऑर्डरमध्ये पुन्हा उगवते. ५ च्या खालच्या रेषा तर डिटेक्टरवर दिसत नाहीत आणि त्यांची पिल्लं दिसतात. हेलियमसारख्या (दोनच इलेक्ट्रॉन उरलेल्या) कार्बनची ४.०३ ची रेषा ८.०५ आणि १२.०८ वर येते.

सगळ्यांत फसवी जागा १३.४९ आहे. त्याच कार्बनच्या हायड्रोजनसारख्या (एकच इलेक्ट्रॉन उरलेल्या) आयनाची लायमन-अल्फा रेषा ३.३७ नॅनोमीटरवर असते, आणि तिची चौथी ऑर्डर नेमकी १३.४९ वर पडते, जिथे बामर-बीटा आहे. हा योगायोग नाही. हायड्रोजनसारख्या प्रत्येक आयनात या दोन तरंगलांब्यांचं गुणोत्तर चार असतं. वर्णपटाकडे कितीही बारकाईने पाहिलं तरी त्या वेगळ्या होत नाहीत. मग पडदा बदला. २०० नॅनोमीटर ॲल्युमिनियम १३.५ चा अर्धा टक्कासुद्धा सोडत नाही, पण ३.३७ चा बराच भाग सोडतो. ॲल्युमिनियममागेही रेषा उरली तर ती चौथी ऑर्डर. गेली तर बामर-बीटा.

आठवड्यागणिक सगळाच संकेत हळूहळू उतरत असेल तर आधी पडदा आणि स्लिट पाहा. प्लाझ्मातून उडालेला धातू स्लिटच्या धारांवर साचतो आणि फट अरुंद करत जातो, त्यामुळे रेषा बारीक होतात आणि यंत्र ‘सुधारल्यासारखं’ वाटतं. पडदा बदलून, स्लिट साफ करूनही संकेत परत आला नाही आणि ग्रेटिंगवर तपकिरी पट्टा दिसत असेल, तर तो कार्बनचा थर आहे. हायड्रोकार्बनची वाफ अतिनील प्रकाशात मोडून तिथे बसते. तो पुसायला जाऊ नका. आधी वाफेचा उगम शोधा, कारण तो सापडला नाही तर नवं ग्रेटिंगही तसंच होणार.